पंधरा हजारांच्या गिटारला कोणते पिकअप लावायचे?

नाशिकमध्ये इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांची वाट साधारण ठरलेली आहे. बारावीच्या आसपास पहिली गिटार घरात येते, बहुतेक वेळा दहा ते वीस हजारांतली. स्क्वायर, यामाहा, आयबानेझ, कोर्ट नाहीतर एखादा देशी ब्रँड. वर्षा-दोन वर्षांत कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा गणपतीत एखाद्या ऑर्केस्ट्राबरोबर उभं राहायची वेळ येते आणि तिथे कळतं की खोलीत बरी वाटणारी गिटार स्टेजवर एकतर कर्कश वाजते, नाहीतर की-बोर्ड आणि ढोलकीच्या मागे गडप होते. मग कोणीतरी सल्ला देतं, "पिकअप बदलून टाक." पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, चुंबक आणि बारीक तारेच्या गुंडाळीचा (कॉइलचा) भाग; तो तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. नेटवर पाहावं तर नावाजलेल्या कंपनीचा एकेक हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) दहा हजारांच्या घरात. तीन घ्यायचे म्हटले तर त्या पैशांत दुसरी गिटार येते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वस्त गिटारमध्ये पिकअप बदलून फरक पडतो, ऐकू येण्याइतका पडतो. पण त्यासाठी मोठं नाव लागत नाही. लागतात ती चार मापं आणि एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: आत्ताच्या आवाजात नेमकं काय खटकतंय? हे ठरवल्याशिवाय पैसे काढू नका.

आधी फुकटातले उपाय

सगळ्यात आधी नव्या तारा चढवा. गंजलेल्या, घामाने काळ्या पडलेल्या तारांवर कुठलाही पिकअप मेलेलाच वाजणार. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या गिटारच्या तारा दीड-दोन महिन्यांत खरखरीत होतात.

मग पिकअपची उंची. दुकानातून आलेल्या गिटारवर ती क्वचितच जमलेली असते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खांबापर्यंतचं (तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकापर्यंतचं) अंतर मोजा. स्ट्रॅटसारख्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टरच्या घाटाच्या) गिटारवरच्या सिंगल कॉइलसाठी, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपसाठी, जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि पातळ तारेखाली १.६ मिलिमीटर हा चांगला आरंभबिंदू आहे. हंबकरसाठी ब्रिजला (तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्या बाजूच्या पिकअपला) सुमारे १.६ आणि नेकला (दांड्याकडच्या पिकअपला) २.४. स्टीलची पट्टी आत नीट शिरत नसेल तर एक मिलिमीटर जाडीचे दोन पिक एकावर एक ठेवून सरकवा, २ मिलिमीटरचं माप हातात आलं. पिकअप फार वर असेल तर खांबांचं चुंबक तारेला ओढतं. त्यामुळे वरच्या फ्रेटवर स्वर डगमगतो, सूर लावूनही बेसूर वाटतं. फार खाली असेल तर आवाज दुबळा आणि लांबचा येतो. माझ्याकडे 'पिकअप खराब आहेत' म्हणून आलेल्या बऱ्याच गिटारी स्क्रू ड्रायव्हरचे चार फेरे देऊन परत गेल्या आहेत.

घोंगाट ही तिसरी तक्रार. तारेला किंवा ब्रिजला हात लावल्यावर घोंगाट कमी होत असेल तर गिटारचं आतलं अर्थिंग ठीक आहे, आवाज बाहेरून येतोय. हात लावल्यावर वाढत असेल किंवा काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजला जाणारी अर्थची तार तुटलेली असू शकते. बाहेरच्या कारणांत पहिला संशय घराच्या वायरिंगवर घ्या. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या कितीतरी घरांत प्लगचा तिसरा पिन नावापुरता असतो, त्याच्यामागे अर्थिंगची तारच नसते. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडीचा स्वस्त ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर आणि लाइट गेल्यावर चालू होणारा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर, हे सगळे अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) ऐकू येतात. एकेक बंद करून बघा. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घेणं हे पिकअपपेक्षा स्वस्त तर पडतंच, शिवाय अर्थिंग नसताना माइकला ओठ लागल्यावर बसणारा झटकाही टळतो.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर पुढे वाचा.

काय खटकतंय ते शब्दांत सांगा

'टोन चांगला नाही' हे उत्तर चालणार नाही. क्लीन आवाज चरचरीत, काचेसारखा टोचतो? डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावल्यावर सगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात? आवाज पातळ आहे, सोलो वाजवताना पोट भरत नाही? की आवाज आवडतो, पण सततचा हम सहन होत नाही? या चार तक्रारींवर चार वेगळे इलाज आहेत.

टोचणाऱ्या आवाजासाठी सौम्य चुंबकाचा, मध्यम गुंडाळीचा पिकअप. गढूळपणासाठी कमी ताकदीचा पिकअप. हे अनेकांना उलटं वाटतं, कारण जड संगीतासाठी 'हाय आउटपुट' हवाच अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आजच्या अँपमध्ये आणि मल्टि-इफेक्टमध्ये गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) भरपूर असतो. पिकअपनेही भडिमार केला की तपशील बुडतो. पातळ आवाजाला मात्र थोडी जास्त गुंडाळी खरोखर उपयोगी पडते. आणि हम नको असेल तर हंबकर, किंवा तशाच दोन कॉइलचा पण सिंगल कॉइलच्याच आकारात बसणारा रेल पिकअप. नाट्यगृहात प्रकाशयोजनेच्या डिमरजवळ वाजवावं लागणाऱ्यांनी हा शेवटचा पर्याय गांभीर्याने घ्यावा.

हंबकर हम का खातो हे थोडक्यात सांगतो, कारण पुढे वायरिंगला ते लागेल. दोन कॉइल उलट दिशेने जोडलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात. विजेच्या तारांमधून हवेत पसरणारा ५० हर्ट्झचा हम दोन्ही कॉइलमध्ये सारखाच येतो आणि एकमेकांना छेदून जातो. तारेच्या कंपनाचा सिग्नल मात्र ध्रुव उलट असल्यामुळे दोन्हीकडून मिळून वाढतो. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी लावत, तिच्याच आद्याक्षरांवरून 'पीएएफ' हे नाव पडलं. आज अडीच हजारांच्या हंबकरवरही 'पीएएफ स्टाइल' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच घ्या: मध्यम गुंडाळी, अल्निको नावाच्या मिश्रधातूचं चुंबक, फार जोर नाही.

गिटार उघडा आणि मोजा

ऑर्डर देण्याआधी गिटार उघडायचीच. न उघडता, न मोजता मागवणं हेच ऑनलाइन घेतलेला पिकअप बसला नाही म्हणून परत करायला लागण्याचं एक नंबरचं कारण आहे.

तारा सैल करा, पिकगार्डचे (पिकअप ज्यावर बसवलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे) स्क्रू काढा आणि ते हळूच उलटा. जॅकपर्यंत जाणाऱ्या तारा लहान असतात, ओढू नका. स्क्रू एका वाटीत ठेवा, पिकअपच्या उंचीचे स्क्रू आणि स्प्रिंग वेगळे. जोडणीचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा, तारांचे रंग स्पष्ट दिसतील असे.

पहिलं माप खांबांचं. पहिल्या खांबाच्या मध्यापासून सहाव्या खांबाच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. बाजारात सिंगल कॉइल ४८, ५० आणि ५२ मिलिमीटर अशा तीन मापांत येतात. नेककडे तारा जवळ असतात, ब्रिजकडे फाकतात, म्हणून नेकला ४८, मधल्याला ५० आणि ब्रिजला ५२ असा संच बरेचदा मिळतो. पण काही गिटारींत तिन्ही जागी सारखंच माप असतं. हंबकरमध्येही नेकला ५० आणि ब्रिजला ५२ च्या आसपास, कारण स्ट्रॅट पद्धतीच्या ब्रिजवर तारा गिब्सन पद्धतीपेक्षा रुंद बसतात. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर आवाजात फारसं कळत नाही, डोळ्याला खुपतं. पण प्लॅस्टिकच्या कव्हरची भोकं जुळली नाहीत तर कव्हर बसणारच नाही. नव्या पिकअपबरोबर कव्हर येतं का, तेही पाहून घ्या.

दुसरं माप खोलीचं. पिकअप ज्या खाचेत बसतो तिची खोली मोजा. काही स्वस्त स्ट्रॅटांचं अंग पातळ असतं आणि खाच उथळ. आता त्यात बसलेल्या पिकअपची एकूण उंची मोजून ठेवा. नवा पिकअप त्याहून उंच असेल तर उंचीचा स्क्रू फिरवून खाली जाणार नाही, तळाला टेकेल.

तिसरं, खाचेचा आकार. सिंगल कॉइलच्या जागी पूर्ण हंबकर बसवायचा विचार असेल तर पिकगार्डखाली नीट बघा. काही गिटारींत एकच मोठी चौकोनी पोकळी असते, तिथे फक्त पिकगार्ड बदललं की काम होतं. काहींत तीन अरुंद खाचा असतात. तिथे लाकूड कोरावं लागेल. घरच्या छिन्नीने कोरू नका, चांगला सुतारही गिटारच्या फिनिशला हात लावायला कचरतो. त्यापेक्षा रेल पिकअप घ्या.

चौथं माप पॉटचं, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखाली असलेल्या फिरत्या रोधकाचं. प्रत्येक पॉटच्या पाठीवर किंवा पायावर ए५००के, बी२५०के असं काहीतरी छापलेलं असतं. ते लिहून ठेवा, त्याचा उपयोग खाली सांगतो.

जाहिरातीतले आकडे कसे वाचायचे

पिकअपच्या माहितीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो किलोओहमचा. ७.८ के, १४ के, १६ के. तोच सगळ्यात कमी भरवशाचा आहे.

हा आकडा फक्त तारेचा विद्युतरोध सांगतो. पिकअपच्या कॉइलमध्ये केसाइतकी बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या कॉइलमध्ये आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. तीत साधारणपणे ४२ नंबरची अमेरिकन गेजची तार वापरतात, जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर. त्याऐवजी ४३ नंबरची आणखी बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांना रोध जास्त दिसतो, पण पिकअपची ताकद तेवढी वाढत नाही. म्हणजे दोन वेगळ्या तारांच्या पिकअपची किलोओहमवरून तुलना करणं फसवं आहे.

यात आपल्याकडच्या हवामानाचीही भर. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंश सेल्सिअसला ०.४ टक्क्याच्या आसपास. डिसेंबरच्या कडाक्यात, खोलीत १० अंश असताना ६.० के दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत ६.७ के दाखवेल. पिकअप तोच, मीटरही तोच. तेव्हा '६.२ के की ६.५ के' यावरून रात्र जागवू नका. हा आकडा ढोबळ गट ओळखायला वापरा: साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यानचं सिंगल कॉइल पारंपरिक वळणाचं, साडेसात ते साडेआठच्या दरम्यानचा हंबकर जुन्या पीएएफच्या वळणाचा, आणि १४ च्या वरचा म्हणजे मुद्दाम जोरात वाजणारा.

याहून उपयोगी आकडा इंडक्टन्सचा, हेन्रीमध्ये दिलेला. जितका जास्त, तितका आवाज जाड आणि वरची पट्टी दबलेली. पारंपरिक स्ट्रॅट अडीच हेन्रीच्या आसपास, पीएएफ वळणाचा हंबकर चार-पाच, आणि जोरदार हंबकर आठच्या आसपास किंवा त्यापुढे. स्वस्त पिकअपचे विक्रेते हा आकडा क्वचित देतात. जो देतो त्याच्याकडे थोड्या आदराने बघायला हरकत नाही.

मग चुंबक. स्वस्त गिटारींत बहुतेक वेळा सिरॅमिक असतं: पिकअपच्या तळाला चिकटवलेली काळी चपटी कांडी आणि वर साध्या पोलादाचे खांब. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. स्ट्रॅट पद्धतीत खांबच अल्निकोचे असतात. सिंगल कॉइलमध्ये पोलादी खांबांऐवजी अल्निकोचे खांब आले की इंडक्टन्स उतरतो, वरचे स्वर मोकळे होतात, आणि बोटांच्या हलक्या-जोरकस आघातातला फरक जास्त ऐकू येतो. अल्निको ५ खणखणीत, अल्निको २ मऊ. स्क्वायरच्या अफिनिटीत सिरॅमिक आणि क्लासिक व्हाइबमध्ये अल्निको, यामाहाच्या पॅसिफिका ०१२ मध्ये सिरॅमिक आणि ११२ मध्ये अल्निको ५, हा फरक कंपन्याही याच हिशेबाने ठेवतात.

पण म्हणून सिरॅमिक म्हणजे टाकाऊ असं समजू नका. १९७२ चा डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन, ज्याने बदली पिकअपचा बाजारच उभा केला, तो सिरॅमिकच आहे. हंबकरमध्ये सिरॅमिक घट्ट, धारदार आवाज देतं आणि जड रिफसाठी ते अनेकांना हवंच असतं.

पैसे कुठे आणि किती

भाव सारखे बदलतात, म्हणून ढोबळ पायऱ्या सांगतो. हजार-दीड हजारात तीन सिंगल कॉइलचा संच मिळतो, बहुधा सिरॅमिकच. तुमच्या गिटारमध्ये आधीपासून तेच असेल, तर पैसे वाया. अडीच ते चार हजारांच्या दरम्यान अल्निको ५ चा संच किंवा एक ठीकठाक हंबकर मिळतो. खरी मजा इथेच आहे. विल्किन्सन, आर्टेक, फ्लिओर ही नावं या पट्ट्यात भेटतात. त्यापुढे फेंडर, सेमूर डंकन, डिमार्झिओ.

माझा नियम: गिटारच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पिकअपवर घालायचं नाही. पंधरा हजारांची गिटार असेल तर पाच हजार ही हद्द. आणि तिन्ही एकदम बदलायची गरज नसते. फक्त ब्रिजचा बदला. स्वस्त गिटारमध्ये सगळ्यात जास्त टोचतो तो ब्रिज, सगळ्यात जास्त वाजतो तोही बहुतेकांचा ब्रिज. नेकचा स्वस्त पिकअप बहुतेकदा सुसह्य असतो.

नाशिकमध्ये वाद्यांची दुकानं आहेत, पण तिथे पिकअपचा साठा नसतो, मागवून देतात. फुर्टाडोज किंवा बजाओसारख्यांकडून ऑनलाइन मागवणं सोपं पडतं. चीनहून थेट मागवण्याचा अलीएक्सप्रेसचा रस्ता नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने अ‍ॅप बंद केल्यापासून आपल्याला बंद झाला. तोच माल आता इथले विक्रेते आणून वर नफा लावून विकतात. परदेशातल्या दुकानातून मागवायचं असेल तर कस्टम ड्युटी आणि कुरियरचा हाताळणी खर्च धरूनच हिशेब करा, नाहीतर साठ डॉलरचा पिकअप दारात येईपर्यंत भलताच महाग पडतो.

सगळ्यात फायद्याचा रस्ता जुन्या मालाचा. मुंबई-पुण्यात लोक चांगल्या गिटारमधले मूळ पिकअप काढून महागडे टाकतात आणि काढलेले विकायला ठेवतात. क्लासिक व्हाइबमधून निघालेला अल्निकोचा संच नव्या निनावी संचापेक्षा मी कधीही घेईन. विकणाऱ्याला एकच गोष्ट मागा: मल्टिमीटर लावलेला फोटो. आकडा दिसला म्हणजे कॉइल शाबूत आहे. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटलेली.

एक सावधगिरी. नावाजलेल्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपचा संच दीड हजारात दिसला तर तो नकली आहे, त्यावर चर्चा नको. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला आत नऊ व्होल्टच्या बॅटरीला जागाही लागते, स्वस्त गिटारमध्ये ती शोधत बसावी लागते.

तुटलेली कॉइल परत गुंडाळून घेता येईल का, असं काही जण विचारतात. आपल्याकडे अंबड-सातपूरच्या आसपास मोटार रिवायंडिंगवाले पुष्कळ, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. पण पंख्याच्या मोटारीची तार पिकअपच्या तारेपेक्षा कितीतरी जाड असते. एवढी बारीक तार त्यांच्याकडे नसते आणि त्यांच्या यंत्रावर ती टिकतही नाही. मात्र आधी कॉइलच्या तोंडाशी, जिथे बारीक तार जाड तारेला जोडलेली असते, तिथे भिंगातून बघा. बरेचदा तार तिथेच तुटलेली असते आणि डाग देऊन पिकअप जिवंत होतो.

हंबकर असेल तर फक्त चुंबक बदला

हा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण पैशांच्या मानाने परिणाम मोठा. हंबकरच्या तळाला दोन कॉइलच्या मध्ये एक सपाट चुंबक सरकवलेलं असतं. सुट्टं अल्निको चुंबक पिकअपच्या किमतीच्या अगदी छोट्या भागात मिळतं. तळाचे चार लहान स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. पिकअप मेणात बुडवलेला असेल तर चुंबक चिकटलेलं असतं. लाकडी काडीने हळूच ढकला. लोखंडी हत्याराचं टोक घसरून कॉइलवर गेलं की संपलं.

जुनं चुंबक काढायच्या आधी होकायंत्राने त्याचा कोणता ध्रुव स्क्रूच्या खांबांकडे आहे ते पाहून मार्करने खूण करा, आणि नवं त्याच दिशेने घाला. उलटं बसलं तर पिकअप वाजेल, पण दुसऱ्या पिकअपबरोबर मिसळल्यावर आवाज पोकळ होईल. जुनं सिरॅमिक बरेचदा जाड असतं, अल्निको पातळ. सैल वाटलं तर कडेला पातळ पोलादी पट्टी किंवा पुठ्ठा सारा. टोचणारा ब्रिज पिकअप अल्निको २ घातल्यावर शांत होतो. हे करून समाधान झालं तर नवा पिकअप घ्यायचाच नाही.

पॉट आणि कपॅसिटर

सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट, हंबकरला ५०० चे. पॉट जितका मोठा, तितकी वरची पट्टी जास्त सुटते. म्हणून तीन सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये हंबकर घातला आणि २५० चे पॉट तसेच ठेवले तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, आणि दोष नव्या पिकअपला जातो. उलट, सिंगल कॉइलला ५०० लावले तर तो टोचतो. तुमच्या गिटारचा कर्कशपणा यामुळेच आहे का, हे वर टिपून ठेवलेल्या आकड्यावरून कळेल. तसं असेल तर थोड्या रुपयांत काम झालं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात बी५००के सहज मिळतो, ए५००के शोधावा लागतो. बी म्हणजे सरळ चढ, ए म्हणजे कानाला सारखा वाटणारा चढ. व्हॉल्यूमला दोन्ही चालतात, टोनला ए बरा. स्वस्त गिटारींत लहान १६ मिलिमीटरचे पॉट असतात, त्यांची भोकंही लहान असतात. मोठ्या अमेरिकन पॉटचा आटा त्या भोकात शिरत नाही, भोक वाढवावं लागतं. तेव्हा लहानच घ्या. टोनच्या कपॅसिटरसाठी दुकानात नुसता कोड सांगा: हंबकरला २२३, सिंगल कॉइलला ४७३. कुठलाही साधा पॉलिस्टर कपॅसिटर चालतो. यावर हजार रुपये घालायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

डाग देण्याआधी दोन तपासण्या

पहिली: नवा पिकअप ऐका. गिटारची केबल अँपला लावा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकला दोन क्रोकोडाइल क्लिप लावा, टोकाला एक आणि बाहेरच्या नळीला दुसरी. पिकअपच्या दोन तारा त्यात पकडा आणि पिकअप उलटा करून गिटारच्या तारांच्या अगदी वर धरा. वाजवून बघा. खोका उघडल्या-उघडल्या हे केलं तर मेलेला पिकअप परत करायला वेळ मिळतो. गेन वाढवून कव्हरवर नखाने टिचकी मारा. ठणठणीत टकटक आली तर पिकअप मेणात बुडवलेला नाही, मोठ्या आवाजात शिट्टी मारेल.

दुसरी तपासणी फेजची, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकाच दिशेने जातात का याची. फक्त एकच पिकअप बदलणार असाल तर ती अनिवार्य. मल्टिमीटर २० के वर ठेवा, लाल टोक गरम (सिग्नलच्या) तारेला, काळं अर्थला. स्क्रू ड्रायव्हरचं पोलादी पातं खांबांवर आडवं टेकवा आणि झटकन वर उचला. आकडा क्षणभर वर उडेल किंवा खाली. तसंच गिटारमधल्या जुन्या पिकअपवर करा. दोन्ही एकाच दिशेने उडाले तर सगळं ठीक. उलटे उडाले तर नव्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा. न करता बसवलात तर दोन पिकअप मिळून वाजवताना आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा होतो. मीटर आपोआप रेंज बदलणारा असेल तर तो मंद असतो, रेंज हाताने बांधून ठेवा. संचातला मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा असतो, तरी तो याच चाचणीत बाकीच्यांसारखाच उडतो. दोन्ही गोष्टी उलट असल्यामुळे सिग्नल सरळ राहतो आणि स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या जागी हम मात्र कमी होतो.

हंबकरच्या चार रंगीत तारा आणि एक उघडी, हे पाहून घाबरू नका. सेमूर डंकनच्या रंगांत काळी गरम, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओत लाल गरम, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी अर्थला. चिनी पिकअप यांतल्या कोणाचेही रंग उचलतात. खात्री नसेल तर मीटरने दोन जोड्या शोधा: ज्या दोन तारांमध्ये एकूण रोधाच्या निम्मा आकडा येतो, ती एक कॉइल.

बसवताना

२५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न बारीक जोडांना पुरतं, पण पॉटच्या पाठीवर अर्थ जोडायला ५०-६० वॉटचं हवं. कमी तापलेल्या आयर्नने पाठीवर मिनिटभर घासत बसलात तर पॉट आतून भाजतो. पाठ सँडपेपरने खरवडा, आधी तिच्यावर थोडं सोल्डर पसरवा, तारेलाही लावा, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंदांत काम संपवा. सोल्डर ६०-४० चं, रोझिन फ्लक्स असलेलं. नळाच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स वापरला तर वर्षभरात जोड हिरवा पडतो. गिटारच्या अंगावर जाड कापड टाका. सोल्डरचा एक थेंब फिनिशमध्ये कायमचा खड्डा करतो. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, शिसं असतं त्यात.

हे जमणार नाही असं वाटत असेल तर टीव्ही-अँप दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही न्या. सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा हे काम तासाभरात करतो. फक्त वायरिंगचे फोटो आणि फेजचा निकाल कागदावर लिहून द्या, गिटारचं वायरिंग त्याने पाहिलेलं असेलच असं नाही.

पिकगार्ड उघडं आहे तोवर खाचेत तांब्याची चिकट पट्टी लावून ती अर्थला जोडा. सिंगल कॉइल ठेवणाऱ्यांना चार्जर-ट्यूबलाइटच्या चिरचिरीत फरक पडतो. खोल हम मात्र यानेही पूर्ण जात नाही.

सगळं बंद करण्याआधी केबल लावा आणि प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरने टकटक करून स्विचच्या सगळ्या जागा तपासा. मग तारा चढवा आणि उंची पुन्हा बसवा, वर दिलेल्या मापांपासून सुरू करून. ब्रिजचा नवा पिकअप जास्त जोराचा असेल तर तो खाली करण्याऐवजी आधी नेकचा थोडा वर घेऊन बघा. पहिल्या दिवशी खोलीत लावलेली उंची बँडबरोबर वाजवल्यावर अर्ध्या फेऱ्याने बदलावी लागते, त्यामुळे लहान स्क्रू ड्रायव्हर बॅगेतच ठेवा.

काढलेले जुने पिकअप फेकू नका. तारांची लांबी न कापता, गिटारचं नाव आणि जागा लिहून पिशवीत ठेवा. पुढे गिटार विकायला काढलीत की घेणारा मूळ भाग आहेत का हे विचारतोच, आणि नवे पिकअप काढून तुम्हाला पुढच्या गिटारमध्ये टाकता येतात.